पोटभाडेकरू

धनज,
शुक्रवार

प्रिय रुचिका,

तुला काय म्हणून हाक मारावी, यातच माझी सकाळ गेली. सूनबाई म्हणायचा हक्क कोर्टाच्या कागदाबरोबर गेला. बेटा म्हणावं तर तुला त्याचं ओझं वाटेल. शेवटी नुसतं नाव लिहिलं. नाव कुणी परत मागत नाही. मागच्या उन्हाळ्यात बाबांच्या गळ्यावर बांधायला तू सुती रुमाल शिवून पाठवलेस, त्या पार्सलच्या पुठ्ठ्यावरून हा पत्ता मिळाला. तू सासऱ्यांना बाबा म्हणायचीस, तेच मीही या पत्रात लिहिते. त्यांचं नाव घ्यायची मला अजून सवय नाही. बरेच रविवार झाले, वैभवीचा आजोबांना फोन आला नाही. बाबांच्या मोबाइलवरून मी केला तर लागत नाही. आधी वाटलं तुमच्याकडे रेंज नसेल. मग शेजारच्या मंजुषाच्या मोबाइलवरून लावून पाहिला, तर वाजला. मी लगेच ठेवून दिला. आमचाच नंबर बंद केलेला आहे हे समजायला मला तेवढं पुरलं. पत्र लिहायचं कारण हेच. पत्र हातात येतं आणि उत्तर मागत उभं राहत नाही. तुला वाटलं तर वाच, नाही तर ठेवून दे.

रविवारचा फोन बंद व्हायच्या आधी आमच्या घरात आणखी एक गोष्ट बंद पडली, ती तुला माहीत नाही. बाबांचा आवाज गेला. तू भरून ठेवला होतास तो.

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा सगळ्यात आधी मला या माणसाच्या आवाजाची भीती वाटली होती, हे तुला कधी सांगितलं का? आमच्या अकोल्याच्या कॉन्व्हेंटमध्ये वऱ्हांड्यातून चालतानाही चपला वाजवायच्या नाहीत अशी शिस्त. सिस्टर आग्नेस ओरडायच्या नाहीत, नुसत्या भुवया उचलायच्या. आणि हे घर असं, की पहाटे संत्र्याच्या बागेतून यांनी गड्याला हाक मारली की माझ्या हातातली गाळणी हलायची. कारंजाच्या बाजारात भाजीचा हर्रास बोलायला हेच उभे राहत, कारण शेवटच्या गाडीवानापर्यंत आवाज जायचा. मी नवी होते, कानाला शुद्ध भाषेची सवय. "मले" नाही "मला" म्हणा, "काहून" नाही "का" म्हणा, असं रोज सांगायची. हे शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तुह्या सिस्टरले एक डाव धनजले आन. आठ दिवसांत तीबी काहून म्हनते का नाही पाय." मी चिडायची. पुढे पुढे मीच बाजारात काहून म्हणायला लागले आणि यांनी घरी येऊन सगळ्यांना ते सांगितलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी घशाचं ऑपरेशन सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल म्हणाले, तेव्हा शिवम रिपोर्टची पानं उलटत राहिला आणि मी तर नुसती पदर धरून बसले. तू मात्र दुसऱ्या दिवशी पुण्याहून लॅपटॉप आणि माइक घेऊन आलीस. मागच्या खोलीच्या दारा-खिडक्यांना गोधड्या बांधल्यास. आधी तू घरून वाक्यं लिहून आणली होतीस, "मला पाणी हवे आहे", "मला बरे वाटत नाही". बाबांनी तो कागद नाकासमोर धरला आणि म्हणाले, "असं कोन बोलते वो पोरी? मी काय तहसीलदार आहो?" तू हसून हसून बाजेवरच बसलीस. मग तो कागद फेकलास आणि त्यांना नुसतं बोलतं ठेवलंस. घसा सुजलेला, मध्येच खोकला, तरी ते बोलत राहिले. चाय मांड. पानी दे. कंबर दुखून राह्यली. कोन आलं? बैस ना बाप्पा, घाई काहून करतं? वैभवी तेव्हा तुझ्या मांडीवर होती. तिच्यासाठी तर त्यांनी किती काय काय बोलून ठेवलं; तू म्हणालीस, बाबा, ही मोठी होईपर्यंत पुरेल. दारामागे गोधडीला कान लावून मी ऐकत होते. आपला माणूस आपला आवाज पोत्यात भरून ठेवतोय, असं काहीतरी वाटत होतं. पण मला रडू आलं नाही, कारण आत तुम्ही दोघं हसत होता.

ते बोलणं बटणं दाबून परत ऐकवणारा तुझा कॉलेजातला जुना प्रोग्राम नव्या लॅपटॉपवर चालत नव्हता, म्हणून तू लॅपटॉपच्या आत आणखी एक जुना कंप्युटर बसवलास. व्हर्च्युअल मशीन हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. बाबांनी विचारलं, "आत म्हंजे कुठं?" तू म्हणालीस, बाबा, हा पोटभाडेकरू आहे. घर नव्याचं, पण आतल्या एका खोलीत हा जुना राहतो, त्याला वाटतं तो आपल्याच घरात आहे. बाबांना ते इतकं आवडलं! ऑपरेशन होऊन घरी आल्यावर त्यांच्या गळ्याला भोक होतं, तोंडातून हूं की चूं निघत नव्हतं, पण सकाळी उठल्या उठल्या ते पाटीवर लिहायचे, "भाडेकरू उठला काय?" मी झाकण उघडायची, काळी-निळी जुनी खिडकी उघडायची, बटणं दिसायची. पहिलं बटण चहाचं. आणि घरात आवाज यायचा, त्यांचाच, खोकल्यासकट, "चाय मांड वो." सांगू तुला, ज्या आवाजाची मला भीती वाटायची, त्याची मी रोज उठून वाट पाहत होते.

तुझं आणि शिवमचं जे झालं त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. तो माझा मुलगा आहे, आणि रागाच्या भरात तो कोर्टाच्या आवारात तुला जे बोलला ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. मुलगी उचलून घेऊन जाईन असं कुणी आईला बोलू नये. त्यानंतरही तू रविवारचा फोन चालू ठेवलास. तसं कुठल्याही कागदावर नव्हतं. वैभवीची आंघोळ झाली की फोन यायचा, बाबा मोबाइल लॅपटॉपशेजारी ठेवायचे आणि बटणं दाबत बसायचे. ती तिकडून बोलायची, हे इकडून बटणं दाबायचे. कधी चुकीचं दबायचं. ती विचारायची, आजोबा, माझा दात पडला, आणि इकडून उत्तर जायचं, "कंबर दुखून राह्यली." मग दोघं हसायचे. बाबांचं हसू ऐकू येत नाही, नुसते खांदे हलतात, ते मी पाहायची.

आता झालं काय ते सांगते. खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं धुऊन अंगणात मांडतात, हे तू पाहिलेलं आहेस. विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, माझी शिलाई मशीन. हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं ठेवायची, आणि त्या दिवशी त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. या वर्षी बाबांनी लॅपटॉपही पाटावर ठेवायला सांगितला. तू बजावलं होतंस, याचं फक्त झाकण लावायचं, बंद करायचा नाही, आणि तो काही विचारायला लागला तर नंतर म्हणायचं. मी आठवण करून दिली. त्यांनी पाटीवर लिहिलं, "बैलाले पोळा असते. याले एक दिवस सुट्टी नोको?" आणि भाडेकरूला झोपवून बटणावर बोट ठेवलं, आराम कर म्हणून. बंद करायच्या जागी एकच पर्याय होता, अपडेट करून बंद करा. यांनी तो दाबला. आराम द्यायचा होता ना, म्हणून दाबला. पडद्यावर चाकं फिरत राहिली, बंद करू नका असं आलं. मी त्यावर एक झेंडूचं फूल ठेवलं.

दसऱ्याला उघडलं तर लॅपटॉपचं रूपच वेगळं. सगळं चकचकीत, गोल गोल कोपरे, खाली नवीन चित्रं. भाडेकरूच्या खुणेवर दाबलं तर काळी चौकट आली आणि इंग्रजीत चार ओळी. रुचिका, माझं इंग्रजी चांगलं आहे. त्या चार ओळींतला कर्ता, कर्म, क्रियापद मी तुला सांगू शकते. हायपरव्हायजर सोडला तर एकही शब्द अडला नाही. आणि तरीही ते काय म्हणतंय ते मला कळलं नाही. बाबा माझ्या तोंडाकडे पाहत होते, ही शिकलेली आहे, ही वाचून सांगेल. मी परत परत वाचत होते, मोठ्याने, जणू नीट उच्चारलं की दार उघडेल.

संध्याकाळी गाव सोनं द्यायला आलं. दरवर्षी बाबा ओसरीवर बसतात, लॅपटॉप शेजारी, पाया पडलं की बटण दाबतात, "सोन्यासारखा राह्य बाप्पा." गावातली पोरं तर ते ऐकायलाच रांग लावतात. या वेळी पोरं पाया पडून तिथेच रेंगाळली, लॅपटॉपकडे पाहत. बाबा नुसते डोक्यावर हात ठेवत होते. एका पोराने विचारलं, "आबा, आज काहून नाही बोलत?" मी म्हटलं, मशीन बिघडलं आहे. बाबांनी मान खाली घातली, जसं काही मशीन नाही, तेच बिघडले आहेत.

सोयाबीनची सोंगणी चालू होती, शेंगा वाळल्या की फुटतात, त्यात आमचे दिवस गेले. मग एसटीने कारंजाला गोविंदसिंगच्या दुकानात गेलो. पन्नाशीचा माणूस, हेडफोनपासून झेरॉक्सपर्यंत सगळं करतो. तो म्हणाला, "वयनी, हे मांगं नेता येते. पन त्याची मुदत असते, ते निंगून गेली." मी विचारलं, आतलं सगळं पुसलं गेलं का? म्हणाला, "नाही वो. फाइल आहे ना आत, एवढी मोठी. पन नव्या सिस्टीमनं जुन्यावाल्याची वाट बुजवून टाकली. आता घरमालकच आयकत नाही त भाडेकरू काय करन?" त्याला आमचा शब्द माहीतही नव्हता, त्याच्या तोंडून तो ऐकून बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "फॉरमॅट मारून देऊ काय? कोरा करकरीत होऊन जाईन." बाबांनी लॅपटॉप त्याच्या हातातून ओढून छातीशी धरला. पिशवीतली पाटी काढली आणि लिहिलं, "माहा आवाज पुसतं काय?" गोविंदसिंगने ते वाचलं आणि चहा मागवला. चहा कुणी प्यायला नाही. पुढे अकोल्यालाही दाखवलं. तिथल्या माणसाने बरीच खटपट केली आणि शेवटी विचारलं, हे ज्याने बसवलं त्याला का विचारत नाही? मी म्हटलं, बघते.

मी तुला तेव्हाच कळवणार होते. बाबांनी अडवलं. "तिले तरास देऊ नोको. तिचं आता आपल्याकडं काय लागते?" असं लिहिलं, आणि खाली, "पोरीले तं सांगूच नोको. दुरुस्त होईन." म्हणून दसऱ्यानंतरच्या दोन रविवारी वैभवीचा फोन मी घेतला आणि आजोबा शेतात गेलेत म्हणून सांगितलं. हे समोरच बसलेले असायचे.

शिवमला कळलं तेव्हा तो बंगळूरहून दोन दिवस आला. त्याने बाबांच्या मोबाइलवर एक ॲप टाकलं. लिहायचं, की ते बोलतं. वाईट नाही ते, स्वच्छ आहे. बातम्या देणाऱ्या माणसासारखा आवाज, ना खोकला, ना हेल. शिवमने लिहिलं आणि घरात कुणीतरी म्हणालं, "मला चहा हवा आहे." दूध घेऊन आलेली चतुराबाई दारातच थबकली. तिने डोक्यावर पदर घेतला आणि हळूच विचारलं, "वयनी, पाव्हना आला काय वो घरात?" शिवम हसला. बाबांनी मोबाइल पालथा ठेवला. शिवम गेल्यावर पाटीवर लिहिलं, "हा कोन मानूस आहे? याले मी माह्या घरात बोलू देत नाही." मी समजावलं, की हळूहळू सवय होईल. मलाच ती सवय नको होती, म्हणून जास्त काही बोलले नाही.

आता तुरीला फुलं आली आहेत, सकाळी थोडी थंडी पडते. बाबांची तब्येत बरी आहे, जेवण कमी झालं आहे. लॅपटॉप मी रोज पुसून ठेवते. ते भाडेकरूची चौकशी करत नाहीत आता. रविवारी मात्र आंघोळ झाली की धुतलेलं धोतर नेसून मोबाइल समोर ठेवून बसतात. दुपारपर्यंत बसतात. मी म्हणते, रुचिकाला काम असेल, वैभवीची परीक्षा असेल. ते पाटी बाजूला सारतात. मला वाटायचं ते तुझ्यावर रुसलेत. खरं म्हणजे मीही थोडी रुसले होते. वाटलं, तूही शेवटी दार लावून घेतलंस.

आणि आज सकाळी चतुराबाई दूध ओतता ओतता सहज म्हणाली, "वयनी, तुमी बारशाले कारंजाले गेल्त्या ना, त्या आयतवारी तो मोबाइलातला मानूस पोरीसंग बोलला. भाऊच लिहून देत व्हते." बाबांना ती भाऊ म्हणते. मी विचारलं, काय बोलला? तिला सगळं पाठ होतं, कारण तिला त्याची गंमत वाटली होती. मी घरी नव्हते, फोन वाजला, आणि ज्या आवाजाला ते घरात बोलू देत नव्हते तोच आवाज त्यांनी तिच्यासाठी उघडला, कारण शेतात गेले हे तिसऱ्या रविवारी कुणी सांगायलाही नव्हतं. तुला आठवतं ना, दर रविवारी त्यांचं शेवटचं बटण कोणतं असायचं? "न्याले येऊ काय वं तुले? बंडी जुंपून येतो. मायले सांगू नोको हं." आणि वैभवी मुद्दाम ओरडायची, आईऽऽ, आजोबा मला न्यायला येणार! तोच खेळ त्यांनी एका बोटाने लिहिला. लिहिताना मोबाइल वरच्या ओळीत शुद्ध शब्द सुचवतो, ते दाबलं की लवकर होतं, म्हणून तेच दाबत गेले. बैलबंडी मध्येच राहून गेली. आणि तुझ्या घरात, तुझ्या मुलीच्या कानात एक परका पुरुष म्हणाला, "तुला न्यायला येतो. आईला सांगू नको." चतुराबाई म्हणाली, "पोरगी अशी लडली वयनी, हुंदके देऊ देऊ! मंग तिच्या मायनं फोन घेतला, कोण बोलतंय, कोण आहात तुम्ही, असी जोरानं इचारे. भाऊ एका बोटानं लिहित व्हते. त्यायनं लिहेपरेंत फोन कटून गेला." मी विचारलं, काय लिहिलं त्यांनी? ती म्हणाली, "मानूस बोलला ना मंग, रिकाम्या फोनात. मी बाबा आहे. मी बाबा आहे. दोनदा बोलला." रुचिका, तुझ्या जागी मी असते तर मीही नंबर बंद केला असता आणि दाराला दोन कड्या लावल्या असत्या. तुझं काही चुकलं नाही. बाबांनी हे मला आजवर सांगितलं नाही, आणि मला कळलं आहे हे मीही त्यांना सांगितलेलं नाही. ते ओसरीवर बसलेत आणि मी आत बसून लिहिते आहे. लॅपटॉप दुरुस्त कर असं मी तुला म्हणत नाही. होईल की नाही मला माहीत नाही, आणि ते मागण्याइतकं माझं तुझ्याकडे काही उरलेलं नाही. एवढंच सांगायचं होतं, की कुणीही वैभवीला न्यायला येणार नाही. ती रात्री घाबरून उठत असेल तर तिला सांग, तो माणूस कुठेच नाही. ते आजोबा होते, त्यांना दुसऱ्याच्या तोंडून बोलावं लागलं.

तू अजून जे म्हणशील ती,
तुझीच
वैजयंती